भट्टी विझवण्याची रीत

२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. आधी उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग फुगेकाकांना मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांच्या हाताखाली काच फुंकायला शिकलेला तो म्हातारा अजून आपल्याकडेच कामाला आहे, तुला त्याची आठवण असेलच. त्यांनी फुंकणी भिंतीला टेकवली आणि म्हणाले, "म्हणजे पोरगी रागातून बाहेर आली म्हणायची."

मी म्हटलं, "काका, ती लग्न करतेय. राग सोडतेय असं कुठे लिहिलंय?"

माझी पन्नाशीला टेकलेली बहीण लग्न करतेय, आणि तेही गुरांच्या डॉक्टरशी! माणूस न बघताच मला आवडला. न बोलणाऱ्या रोग्यांचं दुखणं ज्याला कळतं, त्याला तुझा अबोला जड जाणार नाही. आम्हाला गेला. तू इथली गरम काच सोडून तिकडे चष्म्याच्या गार काचा घासायला गेलीस, त्या दिवशी आपलं भांडण कशावरून झालं ते मला आठवत नाही, असंच मी सगळ्यांना सांगत आलोय.

आता तुझ्या अटीकडे येतो. "येणार असलात तर दोघं या. अर्धं घर मला नको." ही अट तू मुद्दाम घातलीस. बाबांनी पेटवलेली भट्टी आजवर एकदाही विझलेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? काच वितळवायची मूस बदलली तीही पेटत्या भट्टीत. कमानीची वीट निखळली, ती लांब चिमट्याने पेटत्या भट्टीत बसवली. घरातलं एक माणूस कायम तिच्यापाशी हवं, ही बाबांची रीत. म्हणून आई माहेरी एकटी जायची. म्हणून तुझ्या शाळेच्या बक्षीस समारंभाला मी एकटा आलो. आणि तू नवं घर घेतलंस तेव्हा कुणीच आलं नाही, कारण नेमके तेव्हाच फुगेकाका तापाने पडले होते आणि लाकडं ओढायला मी आणि तुझी वहिनी, दोघंच उरलो होतो. हे कारण होतं, सबब नव्हती.

तेव्हा असं करू. तुझी वहिनी येईल, मी इथे थांबेन. मी स्वतःच्या हाताने निळसर काचेचा एक जग आणि पेले करून तिच्याबरोबर पाठवतो. त्या पेल्यांतून पाणी पिताना तुला भाऊ नाही असं वाटणार नाही.

आणखी एक बातमी. वाचनालयाच्या सभागृहात दर रविवारी माझी व्याख्यानमाला चालू आहे. विषय आहे बुद्धांनी उलगडलेली दुःखाची साखळी. गेल्या वेळी दारात माणसं उभी होती. मी टेबलावर मूठ आपटून सांगितलं, "बंधूंनो, भगिनींनो, आपल्याला कुणी बांधलेलं नाही! दोरी आपल्याच हातात आहे, गाठ आपणच मारली, आणि आपणच ओरडतोय की मला सोडवा!" टाळ्या थांबेनात. तू हवी होतीस.

तुझा,
दादा

१२ नोव्हेंबर

धाकटे,

तुझं पत्र आलं. सबंध पत्रात दोन वाक्यं! "जग नको, तू हवास. आणि तू लोकांना तृष्णा समजावत असतोस तेव्हा भट्टीपाशी कोण असतं?"

कोण असणार? तुझी वहिनी असते. काल मी तिला विचारलं, "तू माझं एकतरी व्याख्यान ऐकलंयस का गं?" ती सांडशी पुसत म्हणाली, "टाळ्या सोडून सगळं ऐकलंय. तुम्ही तालीम इथेच करता ना, माझ्या कानाशी." मग म्हणाली, "टेबल नसतं म्हणून मूठ भट्टीच्या पत्र्यावर आपटता. मूस हादरते."

आधी जगाचं सांगून टाकतो. तो तडकला. झाला होता फार सुरेख. मान अशी बारीक, की फुगेकाकांनीही भुवया उंचावल्या. निववायच्या पेटीत ठेवला. काच सावकाश निवली नाही तर आतल्या आत ताण धरते, हे मी नवशिक्यांना शिकवत आलोय. पण मला राहवेना. रंग कसा उतरलाय तो बघायचा होता, जरासाच. झाकण उचललं, जग हातात घेतला, आणि खिडकीपाशी नेईपर्यंत त्याच्या धरायच्या कानाच्या मुळापासून तळापर्यंत एक केसासारखी रेघ गेली. फुगेकाका म्हणाले, "थोरल्या, हा कितवा म्हणायचा?"

तू मला टोमणा मारलास, म्हणून आता मुद्द्याचं ऐक. टाळता येणार नाही, पत्र आहे.

डोळ्याला काही दिसतं, कानाला काही ऐकू येतं. त्यातून काहीतरी जाणवतं, बरं किंवा वाईट. या जाणवण्याला बुद्ध वेदना म्हणतात. तिथवर कुणाचाच दोष नाही, जिवंत माणसाला जाणवणारच. पण बरं जाणवलं की मनाला एक जीभ फुटते आणि ती म्हणते, "अजून." वाईट जाणवलं की तीच जीभ म्हणते, "नको, घालवा हे." ती जीभ म्हणजे तण्हा, तहान. तहान नुसती मागते. मग मन पुढे होऊन धरतं, ते उपादान. कुणी सुखाला धरतं, कुणी आपल्या मताला, कुणी रीतीला, आणि सगळेच 'मी'ला. आता नीट बघ, खरी मेख पुढे आहे. जे धरलं, त्याचा धरणारा म्हणून आपण जगात उभे राहतो. नाव मिळतं, खुर्ची मिळते, ओळख मिळते. त्याला ते भव म्हणतात, होणं. एकदा काहीतरी झालो की त्याचं म्हातारपण आलं, त्याचं मरण आलं, त्याचं रडणं आलं. आपण जन्मभर दुःखाला बाहेर शोधतो, आणि ते बिचारं आपल्याच घरात, आपलंच नाव लावून बसलेलं असतं!

हे सगळं मी रविवारी सांगितलं. भर सभेत माझा आवाज असा लागला होता की खिडक्यांच्या काचा थरथरल्या असतील. बुद्धांनी आगीची उपमा दिली आहे. आग लाकडाला धरून जगते. लाकूड संपलं की ती कुठे निघून जात नाही, पूर्वेला नाही की पश्चिमेला नाही. ती विझते, बस. मी हात उंचावून म्हटलं, "मग आगीशी कसली लढाई करता? पाणी कशाला ओतता? लाकूड टाकणं थांबवा! ज्या हाताने टाकता, तो हात आवरा! आजच, या क्षणी!"

एवढ्यात माझी नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली आणि मी म्हणालो, "उरलेलं पुढच्या रविवारी. आता मला घाई आहे, भट्टीत लाकडं टाकायला जायचंय."

सभागृह असं हसलं, असं हसलं, की पुढच्या रांगेतल्या ग्रंथपालबाईंना ठसका लागला. मीही हसलो, लोकांना समारोप आवडला असं वाटून. अर्ध्या रस्त्यात माझे पाय थांबले.

घरी येऊन लाकडं टाकली. मूठ कुठेच आपटली नाही. तुझ्या वहिनीने विचारलं, "टाळ्या कमी पडल्या वाटतं?"

तरीही माझं म्हणणं कायम आहे. भट्टी ही तृष्णा नव्हे, कर्तव्य आहे. वहिनीला पाठवतो.

दादा

१८ नोव्हेंबर

धाकटे,

तू उत्तर पाठवलं नाहीस. तुझ्या न लिहिण्यालाही धार असते. दोन दिवस वाट पाहिली आणि मग माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

काय झालं ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुझ्या वहिनीने सांगितलंय की मी नाही लिहिलं तर ती लिहील, आणि तिचं वर्णन माझ्यापेक्षा चांगलं असतं.

दुपारची वेळ होती. मी फावडं घेतलं, भट्टीची दोन्ही दारं सताड उघडली आणि निखारे भराभरा बाहेर ओढायला लागलो. तोंडाने चालूच होतं, "विझवतो! आत्ता विझवतो! घे म्हणावं, तुझ्या लग्नाचा अहेर!" आत थंड हवा घुसली. आणि वर कमानीतून 'टण्' असा एक आवाज आला. तू तो आवाज कधी ऐकला नसशील. मीही ऐकला नव्हता. एका विटेचा कोपरा खाली पडला आणि मुशीच्या काठावर आपटला.

फुगेकाका या वयात कधी धावले नसतील असे धावत आले. "दारं लाव! दारं लाव, गाढवा! कमान बसली तर मूस फुटेल, काचेचा सगळा रस बाहेर येईल! खाली कोण उभंय ते तरी बघ!"

खाली तुझी वहिनी उभी होती. निखारे पसरू नयेत म्हणून ती पुढे वाळू टाकत होती.

दारं लावली. मग सगळी दुपार आम्ही तिघांनी मिळून ती भट्टी पुन्हा वर आणली, थोडं थोडं लाकूड घालून, एखाद्या घाबरलेल्या जनावराला चुचकारावं तसं. जी विझवायला निघालो होतो, तिला जगवताना माझा शर्ट घामाने चिंब झाला. मग वहिनी म्हणाली, "तुम्हाला भट्टी विझवायची नव्हती. तुम्हाला धाकटीला दाखवायचं होतं."

"काय दाखवायचं होतं?"

"ते तुम्हालाच ठाऊक. व्याख्यानाला घ्या हा विषय."

धाकटे, विषय बुद्धांनी आधीच घेऊन ठेवलाय. तहान तीन तऱ्हांची असते असं ते सांगतात. एक सुखाची, एक काहीतरी होण्याची, आणि तिसरी, नसण्याची. मोडून टाकू, संपवून टाकू, नकोच ते, हीसुद्धा तहानच! हे तिसरं वाक्य मी आजवर प्रत्येक व्याख्यानात घाईघाईने उरकत आलो, कारण त्याला टाळ्या पडत नाहीत. लोकांना वाटतं, फेकून दिलं की सुटलो. मलाही तसंच वाटलं. पण रागाने उघडलेली मूठ मूठच राहते.

भट्टी पेटती ठेवतानाही माझ्या डोक्यात मीच होतो, विझवतानाही मीच. गल्लीतला दूधवाला मला "काय भट्टीवाले" म्हणतो, टपालवाला तेच म्हणतो, सभेत ओळख करून देतात तेव्हाही आधी तेच येतं, "ज्यांच्या घरची भट्टी कधीच विझली नाही असे आमचे वक्ते". मी काच करतो म्हणून भट्टी आहे, असं मला वाटायचं. खरं उलट आहे. अलीकडे काच थोडीच होते. ती पेटती राहावी एवढ्यासाठीच आम्ही काच करतो. काकांना विचारलं, ते म्हणाले, "मला वाटलं तुला ठाऊक आहे."

आज पहिल्यांदा मला लाज नाही वाटली, हसू आलं. बरं वाटलं, खरं सांगतो. मोठ्या माणसाने चुकीच्या गाडीत बसावं, ऐटीत बसावं, आणि कुणीतरी हळूच सांगावं की साहेब, ही गाडी तिकडे जात नाही, तसं.

लग्नाबद्दल आज काही लिहीत नाही. वचन द्यायलाही मला आवडतं, हे आता माझ्या लक्षात आलंय.

दादा

२९ नोव्हेंबर

धाकटे,

भट्टी विझवतोय. या वेळी रीतीने. कुठल्या रीतीने, ते ऐक. आपल्याकडे ही रीत कुणाला माहीत असणार? आपण कधी विझवलीच नाही. काकांनी तरुणपणी, आपल्याकडे येण्याआधी, दुसऱ्या एका कारखान्यात पाहिलं होतं, ते आठवून आठवून सांगतात.

पण आधी त्याच्या आधीचं. त्या दुपारनंतर मी तुझ्या वहिनीला विचारलं, "तुला काय वाटतं? विझवावी की ठेवावी?"

ती म्हणाली, "मला धाकटीच्या लग्नाला जायचंय. तुमच्याबरोबर."

मी म्हटलं, "तसं नव्हे, तात्त्विक बाजूने तुझं काय म्हणणं आहे?"

"अहो, तुमच्याबरोबर जायचंय म्हणते, त्यात अजून कुठली बाजू राहिली?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे मागितलेलं हे पहिलंच असावं. निदान मी ऐकलेलं पहिलं.

तर रीत अशी. आधी मूस रिकामी करायची. आम्ही रोज फुंकत राहिलो, पेले, वाट्या, दिव्यांच्या काचा, जे सुचेल ते. तळाशी थोडा रस उरला तेव्हा काकांनी फुंकणी तुझ्या वहिनीच्या हातात दिली. "आयुष्यभर लाकडं घातलीस, एकदा फुंकून बघ." ती म्हणाली, "मला जमायचं नाही." आणि फुंकलं. एक पेला झाला, एका बाजूला असा कलंडलेला की पाणी ओतलं तर शेजाऱ्याला मिळेल. काका म्हणाले, "सुरुवातीला सगळे असेच करतात." ती म्हणाली, "मग बरंच आहे. हा धाकटीला." मी म्हटलं, "अगं, मी चांगला करून देतो." तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. तो पेला पेटीत ठेवला आणि झाकणाला कुणी हात लावला नाही.

मूस रिकामी झाली की मग लाकूड कमी करायचं. बंद नाही करायचं, कमी करायचं. आज कालपेक्षा थोडं कमी, उद्या आजपेक्षा. दारं बंदच. विझवायच्या भट्टीलाही लाकूड घालावं लागतं, हे माझ्या कुठल्याच व्याख्यानात नव्हतं! मी लोकांना गरजून सांगत होतो, थांबवा, आजच, या क्षणी. त्यांतल्या कुणी खरंच ऐकलं असतं तर कितीजणांच्या कमानी कोसळल्या असत्या, देव जाणे.

रंग उतरत गेला. आधीचा पांढरा डोळ्यांना सोसायचा नाही, तो पिवळा झाला. पिवळ्याचा नारिंगी. मी स्टुलावर बसून बघत असतो. नारिंगीचा लाल व्हायला लागला त्या सकाळी एक गोष्ट घडली, ती तुला सांगायची म्हणूनच खरं तर हे पत्र.

लाल रंग दिसला. छातीत काहीतरी आकसलं. आणि माझा हात लाकडांच्या ढिगाकडे गेला. मी नेला नाही, धाकटे. तो गेला. बोटं ओंडक्याभोवती बसलीसुद्धा. आणि मी तो बघत होतो, दुसऱ्या कुणाचा हात बघावा तसा. आकसणं वेगळं होतं आणि हात वेगळा होता. दोन्हींच्या मध्ये जागा होती! एवढीशी, दाराच्या फटीएवढी. या जागेवर मी वर्षानुवर्षं बोललो आहे. वेदना आणि तण्हा यांच्या मध्ये साखळी तुटू शकते, असं फळ्यावर बाण काढून दाखवलं आहे. आणि तिथे उभा मी त्या सकाळी पहिल्यांदा राहिलो. भाषण करावंसं वाटलं नाही. नुसतं बरं वाटलं, ऊन अंगावर आल्यासारखं. आकसणं थोडा वेळ राहिलं आणि आपलं आपण गेलं. त्याला मी घालवलं नाही.

ओंडका हातातच होता. वहिनी मागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने तो माझ्या हातातून काढून ढिगावर ठेवला आणि चहाचा कप दिला. म्हणाली, "काहीतरी धरायलाच हवं ना? हे धरा."

आम्ही दोघं खूप हसलो. काका बाहेरून ओरडले, "काय फुटलं?"

रविवारचं व्याख्यान रद्द केलेलं नाही. पण आता वहिनीही येते. भट्टीला इतकं कमी लागतं की काका एकटे बघतात. मागच्या रांगेत बसली होती. परत येताना मी कसं झालं विचारलं. म्हणाली, "तुम्ही मूठ आपटत नाही तेव्हा जास्त ऐकू येतं."

तुझा दादा

७ डिसेंबर

धाकटे,

भट्टी गार झाली. काल दुपारी काकांनी आत हात घातला, विटेवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "ये."

मी आत गेलो. तोंडातून वाकून, गुडघ्यांवर. तुझा भाऊ बाबांच्या भट्टीत जाऊन बसला! आत उकिडवं बसता येतं, उभं राहता येत नाही. बाहेरून केवढी थोरली वाटायची. भिंतींवर राखेची आणि उडालेल्या काचेची हिरवट साय चढली आहे, हात लावला तर गुळगुळीत, गार. वर कमानीत माझ्या त्या दुपारची चीर दिसते. बाबांची काही खूण सापडेल असं मनात होतं, एखादी ओळख, काहीतरी. तसं काही नव्हतं. जिला आपण 'ती' म्हणायचो, जिच्यासाठी उठायचो, जिच्यावरून भांडलो, ती विटांत नव्हती, राखेतही नव्हती. लाकूड, हवा आणि टाकणारा हात, हे एकत्र जमायचे त्याला आपण 'ती' म्हणत होतो. त्यातला हात मीच होतो, आणि मला वाटायचं मी तिचा आहे.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आत इतकं शांत होतं की माझा श्वास मला ऐकू येत होता.

बाहेरून वहिनी म्हणाली, "अहो, आहात ना? झाडू देऊ का?"

मी झाडू घेतला. आतली राख झाडून काढली.

सकाळी टपालवाल्याने विचारलं, "भट्टीवाले, धूर दिसत नाही? काही झालं काय?" मी म्हटलं, "बहिणीचं लग्न आहे." तो म्हणाला, "हां, मग बरोबर." एवढंच. मी मनात केवढं मोठं उत्तर तयार ठेवलं होतं! जगाला माझ्या भट्टीची जितकी काळजी असेल असं मला वाटत होतं, तेवढी नाही, हे कळून इतकं हलकं वाटेल याची मला कल्पना नव्हती.

परत आल्यावर काय, असं मी काकांना विचारलं. ते भाचीकडे राहायला निघालेत, पिशवी भरत होते. म्हणाले, "काच करावीशी वाटली तर पेटवू. लहान पेटवू. काम झालं की निववू."

"आणि नाहीच वाटली तर?"

"तर आत कोंबड्या ठेव. जागा चांगली आहे."

तुला उत्तर हवं असेल, मुळात कुठलं बरोबर, पेटतं ठेवणं की विझवणं. बाबांच्या काळी ती भाकरी होती, पेटती ठेवणं योग्यच होतं. ते चुकले असं मी म्हणणार नाही आणि तूही म्हणू नकोस, तुझ्याही हातात कधीकधी एक ओंडका दिसतो मला. असो. हे वाक्य खोडणार होतो, खोडत नाही. लग्नात यावरून भांड.

तुझी नवी अट वाचली. "या, पण भाषण करायचं नाही." मान्य. डॉक्टरसाहेबांना सांग की त्यांच्या होणाऱ्या मेव्हण्याला आवरता येतं, हल्लीच शिकलाय.

दोघं येतोय.

दादा

१० डिसेंबर, गाडीत

धाकटे,

हे पत्र पुढच्या मोठ्या स्टेशनावर पेटीत टाकीन. आधी आम्ही पोचू की हे, सांगता येत नाही. आम्ही आधी पोचलो तर ते येईल तेव्हा माझ्यादेखत वाच, तेवढीच माझी भाषणाची हौस.

घराला कुलूप लावताना गंमत झाली. कुलूप होतं, पण किल्ली कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. या घराला कधी कुलूप लागलंच नव्हतं, कुणीतरी कायम असायचंच. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं आणलं. वहिनीने ते दोनदा ओढून बघितलं आणि किल्ली माझ्याकडे न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

गाडी सुटल्यावर बराच वेळ आम्ही दोघंही अवघडून बसलो होतो. मग एकदम दोघांनी एकाच वेळी विचारलं, "आता तिथे कोण आहे?" आणि एकमेकांकडे बघितलं. कुणी नाही. तिथे कुणीच नाही, आणि काहीच बिघडत नाहीये.

बाहेर शेतं जातायत, मधूनच एखादं तळं. उन्हाचा एक तुकडा तिच्या मांडीवरून सरकत खिडकीकडे जातोय. ती आधी बाहेर बघत होती, मग डोकं काचेला टेकवलं, आणि आता झोपली आहे. तोंड थोडं उघडं आहे. पर्स घट्ट धरलेली होती, ती आत्ता कुठे हातातून सुटली. खाली पडण्याआधी मी उचलून ठेवली.

मी तिच्याकडे बघत बसलोय. आमच्या पाळ्या असायच्या. ती झोपायची तेव्हा मी भट्टीपाशी असायचो, मी झोपायचो तेव्हा ती. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं एकाच वेळी कधी झोपलेलो नाही, धाकटे. मला हे इतक्या वर्षांत कधी सुचलंही नाही. आत्ता, तिचं डोकं गाडीबरोबर हलताना बघून लक्षात आलं.

जागं कुणी राहायचं, असा मला क्षणभर प्रश्न पडला. मग कळलं, कुणीच नाही राहिलं तरी चालेल.

तुझं स्टेशन चुकलं तर पुढच्या गाडीने मागे येऊ. पेन मिटतो आता. मलाही झोप येतेय.

दादा